अंकपाश : भास्कराचार्यांचे चरित्र आणि क्रमाचे गणित

गणित म्हटले की कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या कपाळावर आठ्या पडतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. शालान्त परीक्षेबरोबर त्या विषयाला दुरूनच नमस्कार करावा आणि मग मराठी, इतिहास, संस्कृत किंवा संगीत यांच्या छायेत सुखाने बसावे, अशी आपली रीत. आमच्या कोराडीत तर हा समज अधिकच घट्ट आहे. एका बाजूला जगदंबेचे देऊळ आणि तलाव, दुसऱ्या बाजूला १९७४ पासून वीज निर्माण करणारे औष्णिक केंद्र. ज्याला आकडे जमतात त्याने त्या उंच चिमण्यांच्या दिशेने जावे आणि ज्याला जमत नाहीत त्याने कविता वाचाव्यात, अशी जणू गावाने वाटणीच करून टाकली आहे! ही वाटणी कोणी केली? आणि ती खरी आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना मला एका थोर पुरुषाचे चरित्र फार उपयोगी पडले. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेले भास्कराचार्य हे ते पुरुष आणि त्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथातील ‘अंकपाश’ हे छोटेसे प्रकरण हा या लेखाचा विषय.

आधी अंकपाश म्हणजे काय ते पाहू. आपल्या गावाचेच नाव घ्या. को, रा, डी ही तीन अक्षरे. ती निरनिराळ्या क्रमांनी मांडली तर कोराडी, कोडीरा, राकोडी, राडीको, डीकोरा आणि डीराको असे सहा शब्द होतात. सातवा शब्द कितीही डोके खाजविले तरी होणार नाही. अक्षरे तीच, पण सहांपैकी एकाच क्रमाने एस. टी. थांबते, बाकीचे पाच निरर्थक आवाज आहेत. वस्तू न बदलता केवळ त्यांचा क्रम बदलल्याने जे नवे नवे प्रकार निर्माण होतात, त्यांना आजच्या गणितात क्रमचय म्हणतात. भास्कराचार्यांनी त्यालाच अंकपाश असे नाव दिले. पाश म्हणजे जाळे. आकड्यांचे जाळे! नाव ठेवणारा गणिती असला तरी त्याच्यात कवी दडलेला होता, हे या एका शब्दावरूनच कळते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. हे साल आपल्याला एखाद्या तर्काने काढावे लागत नाही. त्यांनी स्वतःच ते आपल्या ग्रंथात श्लोकबद्ध करून ठेवले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडवीड हे आपले गाव, शांडिल्य हे गोत्र आणि महेश्वर हे वडील, असा परिचयही त्यांनीच दिला आहे. विज्जडवीड म्हणजे आजचे कोणते गाव, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. कोणी बीडकडे बोट दाखविले, कोणी विजापूरकडे, तर कोणी खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसराकडे. त्या वादात मी पडत नाही. परंतु त्यांच्या घराण्याचा आणि पाटणचा संबंध निश्चित आहे, कारण तो दगडावर कोरलेला आहे. त्या दगडाची हकीकत पुढे येईलच.

वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि कवीश्वर म्हणून प्रसिद्ध. तेच भास्कराचे गुरू. घरात विद्या अशी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. यांपैकी भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. पुढे भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. नऊ पिढ्यांची ही ओळ पाहिली म्हणजे मनात येते की क्रमाचे गणित लिहिणाऱ्या माणसाच्या घरातच क्रम किती अभंग होता! आपल्याकडे शेत वारशाने मिळते, घर वारशाने मिळते, क्वचित कर्जही मिळते. या घराण्यात वारशाने पोथ्या मिळत होत्या.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती हे अंकगणित, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग सर्वांत लोकप्रिय झाला आणि स्वतंत्र ग्रंथ म्हणूनच देशभर गेला. त्याचे एक कारण त्याच्या भाषेत आहे. सारा ग्रंथ संस्कृत पद्यात असून त्यातील उदाहरणे वाचताना आपण गणित वाचतो आहोत की काव्य, असा संभ्रम पडतो. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुटजावर गेले आणि उरलेला एक बिचारा केतकी आणि मालती यांच्या सुगंधांच्या मध्ये आकाशात घोटाळत राहिला; तर थवा केवढा होता? उत्तर पंधरा. तीन, पाच, सहा आणि तो एक. समीकरण म्हणून हा प्रश्न दोन ओळींचा आहे. पण त्या एकट्या भुंग्याला अधांतरी ठेवण्याची गणिताला काहीच गरज नव्हती. ती गरज कवीची होती.

ज्या लीलावतीच्या नावाने हा ग्रंथ आहे, तिच्याविषयीची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. ती भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या विवाहाचा मुहूर्त पाण्यात तरंगणाऱ्या घटिकापात्राने साधावयाचा होता. ती वाकून पाहत असता तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि तिच्या नशिबी वैधव्य आले. मग पित्याने तिचे नाव अमर करण्यासाठी ग्रंथ लिहिला. कथा करुण आहे. परंतु ती भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रास्ताविकात ती आढळते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ग्रंथात काय आहे? तेथे कधी बाले, कधी मृगनयने, कधी सखे, तर कधी हे मित्रा, अशी हाक येते आणि लगेच प्रश्न विचारला जातो. कधी तर एखाद्या व्यापाऱ्यालाही प्रश्न घातलेला आहे. दंतकथेतील लीलावती दैवापुढे हताश आहे. ग्रंथातील लीलावतीला मात्र कोणी दुर्दैवी म्हणत नाही. तिला अवघड प्रश्न विचारले जातात, कारण ती ते सोडवील असा विचारणाऱ्याला विश्वास आहे. आमच्या वर्गातील भगिनींनी या दोन लीलावतींपैकी कोणती आपली मानावी, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. लीलावतीच्या अगदी शेवटी अंकपाशाचे प्रकरण येते. तेथे भास्कराचार्य एक देखणे उदाहरण घेतात. श्रीहरीचे चार हात. त्यांत गदा, चक्र, कमळ आणि शंख. ही चार आयुधे हातांत आलटून पालटून दिली तर मूर्तीचे किती भेद होतील? रीत सोपी आहे. पहिल्या हातासाठी चार वस्तूंपैकी कोणतीही निवडता येते. ती दिली की दुसऱ्या हातासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्याला उरलेली एक निमूटपणे घ्यावी लागते. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक म्हणजे चोवीस.

हे चोवीस उत्तर म्हणून वाचले आणि पुढे गेलो तर त्यातील गंमत निसटते. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावे संध्येच्या आरंभी घेतली जातात, त्या विष्णूच्या चोवीस मूर्ती मूर्तिशास्त्रात वर्णिलेल्या आहेत. त्या साऱ्यांच्या हातांत हीच चार आयुधे असतात. भेद केवळ क्रमाचा! कोणत्या हातात काय आहे, एवढ्यावरून ही मूर्ती केशवाची की माधवाची हे ठरते. मी ते चोवीस प्रकार वहीत मांडून पाहिले. मांडताना लक्षात आले की मनाला येईल तसे लिहीत गेलो तर एखादा प्रकार दोनदा येतो आणि एखादा सुटतो. शंख पहिल्या हातात पक्का धरून बाकीचे तीन फिरविले, मग चक्र पक्के धरले, असे शिस्तीने केले म्हणजे सहा सहांचे चार गट आपोआप पडतात. मूर्तिकार जे डोळ्यांनी ओळखतो, तेच गणिती मोजून सांगतो. इतिहासाच्या अभ्यासात मूर्ती ओळखावयास शिकणारा विद्यार्थी नकळत क्रमचयच शिकत असतो, त्याला ते कोणी सांगत नाही इतकेच.

याच श्लोकात हरीच्या आधी शंभूचे उदाहरण आहे. दहा हातांचा शंकर. त्याच्या हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. मूर्तीचे भेद किती? चार हातांचे चोवीस झाले, तर दहा हातांचे साठ सत्तर, फार तर काही शे होतील, असे वरवर वाटते. उत्तर आहे ३६,२८,८००. छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे! एका सेकंदाला एक याप्रमाणे या मूर्ती रात्रंदिवस न थांबता डोळ्यांसमोरून नेल्या तर बरोबर बेचाळीस दिवस लागतील. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला जी रांग लागते, तिच्यातील कोणतीही दहा माणसे घ्या. तीही इतक्याच प्रकारे उभी राहू शकतात. त्यांत अकरावा येऊन उभा राहिला की संख्या अकरा पट होते. अशा वाढणाऱ्या गुणाकारासाठी आज गणितात आकड्यापुढे उद्गारचिन्ह लिहितात. ते चिन्ह ख्रिश्चन क्रँप या गणितज्ञाने १८०८ मध्ये रूढ केले. आपल्या व्याकरणात आश्चर्यासाठी असलेले हे चिन्ह या ठिकाणी किती शोभून दिसते!

भास्कराचार्य केवळ प्रकार मोजून थांबत नाहीत. तीन, नऊ आणि आठ हे अंक घेऊन ते विचारतात की या अंकांच्या किती संख्या होतील आणि त्या साऱ्यांची बेरीज किती? संख्या सहा : ३९८, ३८९, ९३८, ९८३, ८३९ आणि ८९३. बेरीज ४४४०. ही बेरीज एकेक संख्या न मांडताही येते. प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी सारख्याच वेळा येतो, म्हणून एकं, दहं आणि शतं या तिन्ही स्थानांची बेरीज एकच, म्हणजे चाळीस. चाळीसला १११ ने गुणले की झाले. मग ते दोनपासून नऊपर्यंतचे आठ अंक देतात. त्यांच्या संख्या ४०,३२० होतात आणि त्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. पाटीवर धूळ पसरून बोटाने गणित करण्याच्या काळात हे उत्तर विद्यार्थ्याकडून अपेक्षिलेले आहे. ज्याने एकेक संख्या मांडून बेरीज करावयास घेतली त्याचा जन्म त्यातच गेला असता. ज्याला क्रमातील समता दिसली त्याचे काम चार ओळींत झाले.

यापुढची पायरी अधिक नाजूक आहे. अंक पुन्हा पुन्हा येत असतील तर? दोन, दोन, एक, एक या चार अंकांच्या संख्या चोवीस होत नाहीत, कारण दोन सारख्या दोनांनी जागा बदलल्या तरी कोणाला कळत नाही. म्हणून चोवीसला दोनाने आणि पुन्हा दोनाने भागावयाचे. उत्तर सहा, आणि त्या सहा संख्यांची बेरीज ९९९९. चार, आठ, पाच, पाच, पाच घेतले तर संख्या वीस आणि बेरीज ११,९९,९८८. एखाद्या नाटकात तीन शिपाई एकाच वेषात उभे असले आणि त्यांनी आपसांत जागा बदलल्या, तर प्रेक्षकाच्या दृष्टीने प्रवेश बदलत नाही. तसेच हे आहे. या प्रकरणाचा शेवट करताना आचार्य मिस्कीलपणे सुचवितात की येथे गुणक भाजक काही विचारलेला नाही, वर्ग नाही, घन नाही. तरीही आपल्या गणिताचा गर्व वाहणाऱ्या अल्पमतीचा गर्व येथे हटकून उतरतो. मला हा शेवट फार आवडतो. वर्ग आणि घनमूळ पाठ असणे म्हणजे गणित येणे नव्हे. मांडणीकडे शांतपणे पाहता येणे म्हणजे गणित येणे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

मूर्तीप्रमाणेच कवितेचेही गणित लीलावतीत आहे. ग्रंथाच्या आधीच्या एका प्रकरणात छंदाचा प्रश्न येतो. सहा अक्षरांच्या चरणात प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकते. एकही गुरू नाही असा चरण एक, एक गुरू असलेले सहा, दोन गुरूंचे पंधरा, तीन गुरूंचे वीस, मग पुन्हा पंधरा, सहा आणि एक. एकूण चौसष्ट. अशा चार चरणांच्या, म्हणजे चोवीस अक्षरांच्या, वृत्ताचे भेद १,६७,७७,२१६ होतात. लगेच आचार्य स्वयंपाकघरात शिरतात. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा रसांपैकी एकेक, दोन दोन, तीन तीन घेऊन किती प्रकारची व्यंजने होतील? सहा, पंधरा, वीस, पंधरा, सहा, एक, एकूण त्रेसष्ट. हेच आकडे कवितेत आणि हेच आमटीत! येथे क्रमाला महत्त्व नाही, केवळ निवडीला आहे, म्हणून याला क्रमचय न म्हणता समचय म्हणतात. ही विद्या भास्कराचार्यांनी शून्यातून निर्माण केली असेही नाही. छंदशास्त्रकार पिंगल, वैद्यकातील सुश्रुत आणि सुगंधी द्रव्यांची मिश्रणे मोजणारा वराहमिहिर हे त्यांचे पूर्वसूरी. म्हणजे हिंदुस्थानात हे गणित जन्मले ते कवीच्या चरणात, वैद्याच्या खलात आणि गंध्याच्या कुपीत.

लीलावती लिहून भास्कराचार्य विसावले नाहीत. ग्रहांची गती मोजणे हे त्यांचे मुख्य कार्य होते आणि ‘करणकुतूहल’ हा पंचांगोपयोगी ग्रंथ त्यांनी इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी लिहिला. ज्या वयात माणसे जपमाळ हाती घेतात त्या वयात ते आकडेमोड सुलभ करण्याच्या खटपटीत होते. त्या ग्रंथाच्या नावातच कुतूहल आहे, हे मला फार सूचक वाटते.

आता त्या दगडाची हकीकत. चाळीसगावपासून काही मैलांवर, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे उजाड झालेले जुने गाव आहे. तेथील देवीच्या मंदिरातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांसमोर आणला. वर दिलेली नऊ पिढ्यांची वंशावळ त्याच लेखातली. त्यावरून कळते की भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले आणि नातू चांगदेव हा पुढे सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटणला एक मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील सोइदेव या सामंताने शके ११२८ मध्ये, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभी, त्याला दान दिले. मठ म्हटला की आपल्यासमोर भगवी वस्त्रे येतात. हा मठ गणिताचा होता! स्वतःच्या आजोबांचे देऊळ न बांधता त्यांच्या ग्रंथांची शाळा काढणारा नातू जगाच्या इतिहासातही विरळाच.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हा शिलालेख आणखी एका कारणाने परिचित असावा. तो बहुतांशी संस्कृतात आहे. परंतु मठाचा खर्च कसा चालावयाचा हे सांगणारा शेवटचा भाग मराठीत आहे. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. बाजारात येणाऱ्या मालावरील कर, गिऱ्हाइकाकडून पोफळी आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल, अशी ती तरतूद. मला हा भाग साऱ्या स्तुतिश्लोकांहून मोलाचा वाटतो. ज्या तेल्याला लीलावतीतील एक श्लोकही कळला नसेल, त्याच्या पळीभर तेलावर त्या मठातील दिवे जळत होते आणि त्या उजेडात मुले शंकराच्या छत्तीस लाख मूर्ती मोजत होती. गणित संस्कृतात राहिले आणि तेलसुपारी तेवढी मराठीत आली! खर्च मराठीने करावा आणि विद्या मात्र तिच्यापासून दूर राहावी, ही खंत त्या दगडाने आठशे वर्षांपूर्वीच कोरून ठेवली आहे असे मला वाटते.

त्याच सिंघणाच्या देवगिरीत आणखी एक थोर पुरुष होता. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव. सात स्वर एकेकदाच घेऊन किती क्रमांनी गाता येतील, याचा हिशेब त्याने त्या ग्रंथात केला आहे. उत्तर ५०४०. केवळ संख्या सांगून तो थांबत नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, हे सारी यादी न मांडता काढण्याची रीतही तो देतो. एकाच राजाच्या पदरी ज्योतिषी चांगदेव अंकपाशाची परंपरा सांभाळीत होता आणि शार्ङ्गदेव तोच पाश स्वरांना घालीत होता. त्या काळी देवगिरीत कला शाखा आणि विज्ञान शाखा अशा दोन इमारती नव्हत्या.

पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त अंकपाशाचा फार मोठा विस्तार केला. १५४५ मध्ये आपल्या कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून रीतींमागची कारणे उलगडली. युरोपात लेव्ही बेन गेर्सन याने १३२१ मध्ये क्रमचयांचे नियम सिद्ध केले आणि याकोब बर्नुली याचा संभाव्यतेवरील प्रसिद्ध ग्रंथ १७१३ मध्ये निघाला. १८१७ मध्ये कोलब्रुकने लीलावती इंग्रजीत नेली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’चा इतिहास मराठीत लिहून आचार्यांना त्यांच्या योग्य स्थानी बसविले. १९७१ मध्ये ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ आले आणि ज्या भाषेने पळी पळी तेल पुरविले होते, तिला साऱ्या लीलावतीचे विवेचन सविस्तर मिळाले. १९७९ मध्ये भारताचा ‘भास्कर’ हा उपग्रह आकाशात गेला. त्याच्या नावात सातव्या शतकातील पहिल्या भास्कराबरोबर आपल्या आचार्यांचेही स्मरण आहे.

पाटणचा तो मठ आज नाही. कधी बंद पडला, शेवटचा विद्यार्थी कोण होता, याची नोंद कोणत्याही दगडावर नाही. शाळा बंद पडते ती बहुधा अशीच. घाणे फिरत राहतात, पण पळीभर तेल कोणी आणून देत नाही. हा विषय आपला नव्हे, असे एकेकाला वाटू लागते आणि एक दिवस दिवा विझतो. गणित हा आपला विषय नव्हे असे आपण कला शाखेचे विद्यार्थी सहजपणे म्हणतो, तेव्हा आपणही त्या दिव्याचे तेल थोडे कमी करीत असतो. अंकपाश समजण्यासाठी वर्ग, घन काही लागत नाही, हे स्वतः आचार्यांनीच सांगून ठेवले आहे. लागते ते लक्ष. कवितेचा चरण मोजताना, ताना घोकताना, संग्रहालयातील मूर्तीच्या हातांतील आयुधे टिपताना जे लक्ष आपण देतो, तेच.

आमच्या कोराडीतील केंद्रातून वीज दूरदूर जाते आणि रात्री गावोगावचे दिवे लागतात. पाटणच्या मठाला एवढा उजेड कधी मिळाला नव्हता. पळीभर तेलात त्या विद्यार्थ्यांनी जे वाचले, ते विजेच्या दिव्याखाली आपण वाचू नये असे काय आहे? ग्रंथालयातून लीलावती एकदा घरी न्यावी आणि शेवटच्या प्रकरणापासून आरंभ करावा, एवढीच माझी विद्यार्थी बंधुभगिनींना विनंती आहे. क्रम थोडा उलटा होईल. पण क्रम बदलल्याने काय काय नवे हाती लागते, हे सांगण्यासाठीच तर ते प्रकरण लिहिलेले आहे.